सकाळची कधीपासून?

मार्च अर्धा सरला की अकोला-अमरावतीकडच्या कुठल्याही शाळेत मास्तर, पालक आणि पोट्टे एकच विचारू लागतात : सकाळची कधीपासून? 'शाळा' हा शब्द जोडायची गरजही पडत नाही. पुण्याकडच्या माणसाला सकाळची शाळा म्हटली की शनिवार आठवतो. आमच्याकडे तो एक ऋतूच आहे. दर्यापूरकडच्या एका खेड्यात मी मास्तरीण म्हणून लागले, लग्नानंतर बदली मागून अकोट तालुक्यात आले आणि तिथूनच निवृत्त झाले. एवढ्या नोकरीत सकाळच्या शाळेचा हुकूम वेळेवर आल्याचं फारसं आठवत नाही. घंटा मात्र वेळेवर बदलायची, कारण ती हेडमास्तरांच्या हातात असायची.

माझी नात अमरावतीच्या एका 'इंटरनॅशनल' शाळेत जाते. तिच्या पालकसभेला मी मुद्दाम जाऊन बसले होते. मुलांच्या सुरक्षेवर तिथे तास-दीड तास बोलणं झालं. वर्गात कॅमेरे, फाटकावर नोंदवही, गळ्यात ओळखपत्र, बसमध्ये मुलींसोबत एक ताई. बसचा पिवळा रंग, वेगाला लगाम, सोबत मदतनीस हे सगळं २०११ च्या स्कूलबस नियमावलीतलं. वर्गखोल्या वातानुकूलित, त्यामुळे उन्हाचं नावही निघालं नाही. मला नवल वाटलं. वऱ्हाडात शाळेनं मुलांना सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त काळ कशापासून जपलं असेल तर ते उन्हापासून. ही गोष्ट घंटेची आहे, छपराची आहे आणि रांजणातल्या पाण्याची.

वऱ्हाड म्हणजे पूर्णेचं खोरं. वर सातपुडा, खाली अजिंठ्याची रांग, मधोमध काळ्या मातीची खोलगट पट्टी. अकोला समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरही उंच नाही. मे १९४७ मध्ये तिथला पारा ४७ अंशांच्या पुढे गेल्याची नोंद आहे, आणि मे २०२० मध्येही तो ४७ च्या वर चढला. एप्रिलच्या दुपारी बाराला काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात आणि तिच्यावरून येणारी हवा तोंडावर चटका मारते. या हवेत लेकराला कधी घराबाहेर काढायचं आणि कधी परत आणायचं, हे इथल्या आयांना कुणी शिकवावं लागलं नाही.

पंतोजींनाही नाही. इंग्रजी अमलाआधीची गावठी शाळा देवळाच्या ओसरीत किंवा एखाद्या देशमुखाच्या वाड्यात भरायची, आणि ती दोन वेळची असायची. उजाडता उजाडता पोरं जमायची, जेवणवेळेला घरी पांगायची, ऊन कलल्यावर परत यायची. धूळपाटीवर मोडी अक्षरं गिरवायची, तिन्हीसांजेला उजळणी म्हणायची आणि घर गाठायचं. त्या शाळेचे गुण गायचं मला कारण नाही. तिथं मुली नव्हत्या, गावकुसाबाहेरचं लेकरू नव्हतं, छडी मात्र होती. पण भर दुपारी पोरगं रस्त्यावर नसायचं.

१८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. पुढं साठच्या दशकात इथं शिक्षणखातं उभं राहिलं आणि अमरावती-अकोल्याला सरकारी हायस्कुलं निघाली. त्याच सुमारास रेल्वे आली, कापसाचा पैसा आला, भिंतीवरचं घड्याळ आलं आणि साडेदहा ते पाचची शाळाही आली. ही वेळ कचेरीची. सरकारी नोकरीसाठी पोरं तयार करायची तर कचेरीच्या वेळेत बसायची सवय लागायला हवी, एवढा सरळ हिशेब त्यामागं असावा. गंमत अशी की उन्हाळ्यात त्या कचेऱ्याच सकाळच्या व्हायच्या. साहेब लोकांसाठी वाळ्याच्या ताट्या होत्या, त्यावर पाणी मारायला माणूस होता, आणि त्याहून जमलं तर चिखलदरा होताच. शाळेनं कचेरीकडून साडेदहा-पाच घेतलं, तसंच उन्हाळ्यातलं सकाळचंही घेतलं. पहिलं कायम झालं. दुसरं आजतागायत दरवर्षी मागून घ्यावं लागतं.

छपरांचं थोडं सविस्तर सांगते, कारण त्यात माझी निम्मी नोकरी गेली.

माझी पहिली शाळा धाब्याच्या घरात भरायची. गावातल्या एका कास्तकाराच्या वाड्याचा पुढचा भाग शाळेला दिलेला होता. लाकडी सऱ्या, त्यावर फळ्या आणि काटक्या, वर मातीचा हातभर थर. भिंतीही तशाच रुंद. बाहेर जीव नकोसा झालेला असला तरी आत जमिनीवर बसलं की पाठीला गार लागायचं. खिडकी एकच, तीही वीतभर. त्यामुळे फळा नीट दिसायचा नाही, मागच्या ओळीतली पोरं अंदाजानं लिहायची. पावसाळ्यात धाबं गळायचं, आणि एखादी सरी वाळवीनं खाल्ली की जिवाला घोर. म्हणजे उन्हाळ्यात सगळ्यात सुखाचा वर्ग आषाढात सगळ्यात धोक्याचा. मग कवेलूची शाळा. तिथं उजेड होता, वारा होता, उंच छपराखाली गरम हवा वर निघून जायची. दर वर्षी मृगाच्या आधी कवेलू फेरायचे, आणि ते फेरताना निघालेले विंचू पोरं काडीनं उलटे करून बघायची. वानरांची टोळी छपरावरून गेली की दोन-चार कवेलू वर्गात. धडा थांबायचा, सगळ्यांनी आपापली डोकी चाचपायची आणि पुन्हा सुरू.

टिन आलं ते 'पक्की शाळा' म्हणून. वानराचं भय नाही, फेरायची कटकट नाही, गावकऱ्यांनाही नव्याचं अप्रूप. त्याच्याखाली एप्रिलमध्ये शिकवून बघावं. दहा वाजल्यापासून टिन तडतडायला लागतं, पत्रा ताणला जातो तसा आवाज वाढत जातो. भिंतीकडची रांग आपोआप मधे सरकते. बारा वाजता पोरांच्या पाटीवर घामाचे थेंब पडून अक्षरं फुटलेली असतात, आणि तुम्ही हातच्याची वजाबाकी समजावत असता. एकदा एक बाई शाळेच्या दारात येऊन उभी राहिली, कडेवर धाकटं, डोक्यावरून पदर घट्ट. म्हणाली, "बाई, पोट्टीले घेऊन जातो. घरी निंब तरी हाये." मी नेऊ दिलं. हजेरीत मात्र तिला हजर ठेवलं, हेही सांगून टाकते.

टिनानंतर सिमेंटचा स्लॅब आला आणि त्याची तऱ्हा निराळी. तो सकाळी गार असतो, म्हणून माणूस फसतो. दुपारपर्यंत ऊन पिऊन तो संध्याकाळी आणि रात्रीही ओकत राहतो. दुमजली शाळेत वरच्या मजल्यावर तिसरी-चौथी बसवली तर तीन वाजता पोरं माना टाकतात. मास्तर म्हणतो, पोरं आळशी झाली. अमेरिकेत जवळपास एक कोटी विद्यार्थ्यांच्या परीक्षांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. एअर कंडिशनर नसलेल्या शाळांत वर्षाचं सरासरी तापमान एक फॅरनहाइट अंशानं वाढलं तर त्या वर्षाचं शिकणं सुमारे एक टक्क्यानं घटतं, असा त्याचा निष्कर्ष. फॅरनहाइटचा एक अंश म्हणजे आपल्या अर्ध्या अंशाहून थोडासा जास्त. आमच्या टिनाखाली किती टक्के गेलं असेल, याचा हिशेब कुणी मांडला तर शिक्षणाच्या दर्जावरच्या अर्ध्या चर्चासत्रांना सुट्टी द्यावी लागेल.

जर्मनीतली एक नोंद वाचून मी मोठ्यानं हसले होते. प्रशियाच्या सरकारनं १८९२ मध्ये हुकूम काढला, की सकाळी दहा वाजता सावलीत पारा २५ अंशांवर गेला तर त्या दिवशी शाळा चार तासांपेक्षा जास्त चालवायची नाही. पंचवीस! आमच्याकडे सकाळी दहाला पंचवीसच्या खाली पारा म्हणजे पोरं स्वेटर घालून उन्हाला बसतात. पण हुकमातली युक्ती बघा. तारीख दिलेली नाही, अंश दिलाय. वेळ कॅलेंडरनं नाही, तापमापकानं ठरवायची.

पाण्याची गोष्ट उन्हाच्याच पोटातली, पण ती जास्त कडू आहे. शाळेच्या कोपऱ्यात रांजण असायचा आणि त्यातून पाणी कोण घेणार, हे जातीनं ठरायचं. माझ्याबरोबरचे एक वयस्क गुरुजी सांगायचे, की त्यांच्या लहानपणी त्यांना ओंजळ पुढं करून उभं राहावं लागे, आणि वरून ओतणारा पोऱ्या खेळायला गेला असेल तर तो येईपर्यंत तहान धरावी लागे. मार्च-एप्रिलमध्ये ही तहान जिवावर बेतणारी. म्हणून डॉ. पंजाबराव देशमुखांचं नाव शाळा आणि महाविद्यालयं काढणारे एवढ्यापुरतंच घेतलं की मला ते अपुरं वाटतं. पापळचा हा कास्तकाराचा मुलगा एडिंबरो-ऑक्सफर्ड करून परतला आणि १९२८ मध्ये अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलचा अध्यक्ष झाला. त्या काळात जिल्ह्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायला त्यांनी हात घातला, आणि त्याच सुमारास सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. श्री शिवाजी शिक्षण संस्था १९३२ ची, म्हणजे नंतरची. मला तरी विहीर आणि सक्ती ही दोन कामं एकमेकांना लागून दिसतात. पोरगं शाळेत यायलाच पाहिजे असं म्हणायचं, आणि आल्यावर त्याला घोटभर पाणी द्यायचं नाही, हे त्यांच्या शेतकरी डोक्याला पटणारं नव्हतं.

विहीर खुली झाली तरी खारपाणपट्टा उरलाच. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती, बुलडाण्यातली शेकडो गावं अशी की विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. त्या पाण्यानं तहान भागायच्या ऐवजी वाढते. अकोटकडं ८४ खेडी योजनेचं पाणी नळाला येईपर्यंत, आणि आल्यानंतरही नळ रुसले की, पोरं घरून बाटली आणायची. बाटली पुरायची दुसऱ्या तासापर्यंत. केरळातल्या शाळांनी २०१९ मध्ये पाण्याची घंटा सुरू केली, ठरावीक वेळी घंटा वाजवून मुलांना पाणी प्यायला लावायचं. छान आहे. आमच्याकडे घंटा होती, पाणी शोधावं लागायचं.

ऊन नेहमी शत्रूच होतं असंही नाही. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं, त्याच मातीत घाम गाळून तयार झालेला चमू १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून आला. पण आखाड्याची वेळ पहाटेची आणि संध्याकाळची, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक. उन्हाचा शस्त्र म्हणून वापर केला तो शाळेनं. गृहपाठ नाही, उन्हात उभा राहा. फी नाही, उन्हात उभी राहा. मैदानावर अंगठे धरून ओणवी उभी असलेली पोरं मी विद्यार्थिनी असताना पाहिली आणि नोकरीला लागल्यावरही पाहिली. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं २०१० पासून शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर बंदी आली, तेव्हा काही जुन्या मंडळींना वाटलं की आता शिस्त संपली. कुणाचं काही संपलं नाही. एप्रिलमधलं चक्कर येऊन पडणं तेवढं कमी झालं.

वऱ्हाड १ नोव्हेंबर १९५६ ला जुन्या मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलं आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. राजधानी नागपूरहून मुंबईला गेली, शाळांचं वेळापत्रक पुण्याला. तिथून एक सवलत मात्र चालत आली : उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर राज्यभर शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि विदर्भातल्या जूनच्या शेवटाला. २०२३ मध्ये बाकी राज्यात १५ जून, इकडं ३० जून. २०२४ मध्ये इकडं १ जुलै. २०२५ मध्ये बाकीच्यांची १६ ला, आमची २३ ला. तारखा दर वर्षी अशा का हलतात, हे विचारायची सोय नाही.

सुट्टीची ही शेपटी सगळ्यांना दिसते. सकाळच्या शाळेत शिकणं कसं चालतं, ते बाहेरच्याला दिसत नाही. साडेदहाच्या शाळेतला पस्तीस मिनिटांचा तास सकाळी पंचवीसवर येतो. आधी जातो खेळ, मग चित्रकला, मग विज्ञानाचा प्रयोग. भाषा आणि गणित उरतं. कायद्याला पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास हवेत, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. दिवस भरतात. तासांचं काय होतं, ते रजिस्टरला विचारू नये. पण शिकवणारी म्हणून सांगते, सात ते नऊ या दोन तासांत पोरं जेवढी शिकतात तेवढी दिवसभरात कधीच नाही. हवा गार, डोकं ताजं, पाढे एका सुरात. नवीन काही शिकवायचं तर मी ते याच वेळेत उरकायची. साडेनऊला पोटात कावळे, मग खिचडीचा वास, आणि त्यानंतर कुणाचं लक्ष लागायचं नाही.

आणि परतीची वाट. सकाळची शाळा सुटते तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असतं. गावातलं पोरगं एका निंबाखालून दुसऱ्या निंबाखाली पळत घर गाठतं. शेजारच्या गावाहून येणाऱ्या मुलींचं काय? मानव विकास योजनेच्या निळ्या बसगाड्या मुलींना आणायला-सोडायला असतात, त्यांनी शेकडो पोरींचं शिक्षण वाचवलं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण बसचं वेळापत्रक दुपारच्या शाळेवर बेतलेलं असलं, आणि शाळा सकाळची झालेली आगाराला कळायला पंधरा दिवस लागले, तर त्या पंधरा दिवसांत पोरी फाट्यावर ओढणी बांधून उभ्या. फाट्यावरच्या रसवंतीवाल्याला माझ्या नोकरीत मी जेवढ्या विनवण्या केल्या तेवढ्या साहेबांनाही केल्या नसतील. त्यानं गोणपाटाचा मांडव दोन हात पुढं ओढून दिला आणि माठाशेजारी एक पेला जास्तीचा ठेवला.

अलीकडची गंमत वेगळी. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनानं ठरवलं, लहान मुलांची झोप पूर्ण व्हावी म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत. मुंबईतल्या मुलांसाठी रास्त आहे. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस अकोल्यात उष्णतेमुळं जमावबंदीचं कलम १४४ लावावं लागलं आणि खासगी शिकवण्यांनाही दुपारी वर्ग घेता येईनात. मार्च २०२५ च्या अखेरीस परिपत्रक आलं : उन्हामुळं प्राथमिक शाळा सात ते सव्वाअकरा, माध्यमिक सात ते पावणेबारा. सोबतच राज्यभर एकच वेळापत्रक, वार्षिक परीक्षा २५ एप्रिलपर्यंत. परीक्षा लवकर उरकली की एप्रिलभर वर्ग ओस पडतात, ही शासनाची तक्रार खोटी नाही. विदर्भातल्या शिक्षक संघटनांनी तरी विरोध केला, कारण २५ एप्रिलला कोल्हापूरचं ऊन आणि अकोल्याचं ऊन हे एक नव्हे. पारा बघून वेळ ठरवायचा अधिकार मुख्याध्यापकाला द्या, एवढीच माझी मागणी असती. दिला नाही तरी तो वापरतोच, चोरून.

'इंटरनॅशनल' शाळांनी हा प्रश्न दारं-खिडक्या बंद करून सोडवला. त्यांचं सत्र सीबीएसईच्या रीतीनं एप्रिलमध्येच सुरू होतं, नव्या पुस्तकांचा वास आणि बाहेर ४३ अंश. नात वर्गात स्वेटर मागते, बसमधून उतरली की दारापर्यंत येताना तिचे गाल लाल होतात. वर्गात तिचं शिकणं चांगलं चालतं, ते मी नाकारत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेला मात्र पंख्याचं बिल भरता येत नाही. पट ३० च्या आत असेल तर समग्र शिक्षाचं संयुक्त अनुदान वर्षाला १० हजार. त्यात खडू, झाडू, दुरुस्ती, वीज. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये कॅमेरे बसवायचा आदेश आला, तोही योग्यच. थकबाकीपायी मीटर काढून नेलेल्या शाळेत कॅमेरा कशावर चालवायचा, ते आदेशात नव्हतं.

त्यातल्या त्यात स्वस्त उपाय होता चुन्याचा. मार्चमध्ये स्लॅबवर चुन्याचे दोन हात मारले की खालच्या खोलीत दोन-चार अंशांचा फरक पडतो. अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्णतेचा आराखडा केला आणि पुढं छपरं पांढरी करायची मोहीम काढली, तेव्हा त्याला मोठं नाव मिळालं. आम्ही गावातल्या तरण्या पोरांना हाताशी धरून रविवारी ते करायचो, खर्च अनुदानातून. एका वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी बिलावर बोट ठेवलं. "भिंतींना चुना समजतो. छतावर कशाला? छत कोण पाहतं?" मी म्हटलं, साहेब, खाली बसून पाहा. ते बसले नाहीत, गाडीत जाऊन बसले. पुढच्या वर्षीपासून तो खर्च आम्ही 'किरकोळ दुरुस्ती' या सदरात टाकू लागलो.